बसायला जागा

वास्तुशांत होऊन बारा दिवस झाले, तरी केसरीनाथ म्हात्र्यांना आपल्या नव्या बंगल्यात बसायचं कुठे हे काही उमगलं नव्हतं. बसायच्या वस्तू घरात ढीगभर होत्या. हॉलमध्ये पांढराशुभ्र सोफा होता. स्वयंपाकघराच्या कट्ट्यासमोर कमरेइतक्या उंच तीन खुर्च्या होत्या. त्यांवर चढायला केसरीनाथांना बायकोच्या, म्हणजे आनंदीबाईंच्या खांद्याचा आधार लागे. वरच्या गच्चीत वेताचा गोल झोपाळा टांगला होता. त्यात शिरलेला माणूस बाहेर येईपर्यंत त्याचा चहा निवून जाई. पण सकाळी चहा पिऊन अनवाणी बाहेर यायचं, टेकायचं आणि रस्त्याकडे बघत राहायचं, अशी जागा त्या दोन मजल्यांत एकही नव्हती.

जुन्या घराला ओटी होती. बावीस फूट लांब, आठ फूट रुंद. आधी शेणाने सारवलेली, मग शहाबादी फरशीची. दुपारी ती फरशी पाठीला अशी गार लागायची की पंख्याची आठवण होऊ नये. भात वाळत घालायचं तिथे, लग्नं ठरायची तिथे, बांधावरून झालेली भांडणं मिटायची तिथे, आणि मिटल्यावर पुन्हा सुरू व्हायची तीही तिथेच. रस्त्याने जाणारा "काय केसरी?" म्हणायचा, केसरीनाथ "बस की" म्हणायचे. यातले निम्मे लोक खरोखर बसायचे. भिवंडीजवळच्या त्यांच्या दापोडे गावाच्या आसपास आता शेतांपेक्षा गोदामं जास्त झाली होती आणि जाणाऱ्यांमध्ये माणसांपेक्षा ट्रक जास्त, पण ओटी होती तोवर केसरीनाथांना गाव बदलल्याचं फारसं जाणवलं नव्हतं.

ओटी गेली यात मनालीचा दोष म्हणावा तर तसाही नाही. मनाली म्हणजे ठाण्याची आर्किटेक्ट. हुशार मुलगी. नकाशा काढण्याआधी तिने घरातल्या प्रत्येकाला समोर बसवून विचारलं होतं की तुम्ही दिवसभर काय करता, कुठे करता. आनंदीबाई दोन तास बोलल्या आणि त्यांना पूर्वेची खिडकी, हाताशी येणारे खण आणि न वाकता भांडी घासायची मोरी मिळाली. मग केसरीनाथांची पाळी आली.

"काका, तुम्ही या ओटीवर काय करता?"

"काय न्हाय."

"म्हणजे दिवसभरात काहीतरी करत असालच ना?"

"बसतो."

"बसून काय करता?"

केसरीनाथांनी मनापासून विचार केला. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "काय न्हाय," ते म्हणाले.

मनालीने वहीत लिहिलं : ओटी, वापर नाही.

त्या जागी आता पांढऱ्या गोट्यांचा एक चौकोन होता आणि मधोमध एक काटेरी झाड. पहिल्याच संध्याकाळी केसरीनाथ त्या गोट्यांवर टेकू पाहत होते, तेव्हा मुलगा कुमार आतून धावत आला. "बाबा, ते बसायचं नाय, बघायचं हाय!"

केसरीनाथांनी थोडा वेळ बघितलं. गोटे काही बोलेनात.

हेही त्यांनी सोसलं असतं, कारण सुनेने, रुचिकाने, घर हौसेने सजवलं होतं आणि आनंदीबाई त्या स्वयंपाकघरात गुणगुणत वावरत होत्या. पण खरी पंचाईत झाली ती कोंडूची. कोंडू आणि नरेंद्र हे केसरीनाथांचे दोन मित्र. कोंडूने भिवंडीत तीस वर्षं लूम चालवले होते, त्यामुळे लूमच्या आवाजावर मात करायची सवय लागून तो साधा "हो"ही ओरडून म्हणायचा. नरेंद्र जाधव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. बौद्धवाड्यातून रोज पाचच्या ठोक्याला निघायचे आणि पाच वाजून सात मिनिटांनी ओटीवर हजर व्हायचे. चाळीस वर्षांत एकाही दिवशी या तिघांनी एकमेकांना बोलावणं धाडलं नव्हतं.

वास्तुशांतीला दोघे आले होते. सोफा एवढा खोल निघाला की कोंडू त्यात बसला आणि दिसेनासा झाला. त्याला उठवायला नरेंद्र आणि कुमार असे दोघे लागले. तेही त्याने हसण्यावारी नेलं. पण आठवड्याने संध्याकाळी तो नेहमीसारखा आला, तर पुढे फाटक बंद. फाटकावर घंटीचं बटण आणि बटणावर काचेचा डोळा. कोंडूने बटण दाबलं. रुचिका तेव्हा ठाण्यात ऑफिसात होती. घंटी तिच्या मोबाइलवर वाजली. ती मीटिंगमध्ये होती, तिने स्क्रीनकडे धड पाहिलंही नाही. भिंतीतून आवाज आला, "काय काम आहे?"

कोंडूने इकडेतिकडे पाहिलं. माणूस दिसेना. "मी कोंडू," तो भिंतीला ओरडून म्हणाला.

"हो, पण काम काय आहे?"

कोंडूला काही काम नव्हतं. चाळीस वर्षांत कधीच नव्हतं. तो मुकाट्याने वळला, थेट नरेंद्रांकडे गेला आणि सगळ्या बौद्धवाड्याला ऐकू जाईल अशी शपथ घेतली, "आजपासून त्या कंपाउंडच्या आत पाय टाकनार न्हाय! काम असंल तवा जाईन, आन मना कदी काम असनार न्हाय!"

नरेंद्रांना एकट्याने जाणं बरं वाटेना. तेही यायचे थांबले. केसरीनाथ दोनदा कोंडूच्या घरी गेले, पण कोंडू आता सुनेच्या दोन खोल्यांत राहत होता आणि तिथे मध्ये शिलाईची मशीन होती. दोघांनी दहा मिनिटं मशीन बघितली. केसरीनाथ परत आले. बायकोजवळ बोलायची सोय नव्हती, कारण तिला घर आवडलं होतं. रात्री त्या मऊ पलंगावर पडल्या पडल्या त्यांना वाटायचं, आपण मेलो तरी दारात चार माणसं बसणार कुठे?

गोदामाची वाट त्यांना पायांनीच दाखवली. एका संध्याकाळी ते सवयीने खालच्या शेताकडे निघाले. खालचं शेत म्हणजे आता पत्र्याचं लांबच लांब गोदाम. तेवढी जमीन देऊनच बंगला उभा राहिला होता. ट्रकमधून खोकी सरळ आत ढकलता यावीत म्हणून गोदामाला पुढून एक लांब चौथरा होता. कंबरेएवढा उंच, काँक्रीटचा, गुळगुळीत. वर पत्र्याची सावली, खाडीकडून येणारा वारा. बाजूने तीन पायऱ्या. एकूण दहा दरवाजे, त्यांतला सात नंबरचा कायम बंद. केसरीनाथ त्या बंद दरवाजापुढे जाऊन टेकले आणि त्यांच्या तोंडून आपोआप "हां" असं निघालं.

माणसांसाठी घर काढताना बसायची जागा राहून गेली होती आणि खोक्यांसाठी गोदाम काढणाऱ्याने न सांगता गावातली सगळ्यात झकास ओटी बांधून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी पाच वाजून सात मिनिटांनी तिघेही सात नंबरवर होते. कोंडूच्या शपथेत गोदाम बसत नव्हतं. गोदामाचा सुपरवायझर ओमकार गावातलाच, दोन मुलांचा बाप, केसरीनाथांच्या चुलतभावाचा जावई. तो काय बोलणार? तो फक्त म्हणाला, "सासरेबुवा, पाय तेवढे आत घ्या. ट्रक मागं येतो."

मग रोज संध्याकाळी सात नंबरवर शेत पुन्हा उगवायचं.

"तीन नंबरला बोर होती," कोंडू ओरडायचा. "आंबट! पन काय बोरं यायची!"

"बोर चारला," केसरीनाथ म्हणायचे. "तीनला बांध. आन हितं आपुन बसलोय ना, हितं खळं. ह्याच जागेला झोडनी व्हायची."

नरेंद्र दोन नंबरकडे बोट करायचे. "तिथं माझी आई लावणीला यायची. शाळा सुटली की मी बांधावर बसायचो. तुझी आई भाकरी द्यायची मला, केसरी, वर सुका जवळा. अजून ती चव आठवते." मग ते चष्मा पुसायचे आणि बाकीचे दोघे उगाचच ट्रकचे नंबर वाचायचे. केसरीनाथांना रात्री झोप लागू लागली.

असे पंधरा दिवस गेले आणि गोदामात सुरक्षा सप्ताह आला.

मुख्य ऑफिसचे साहेब तपासणीला यायचे होते. ओमकार सकाळपासून पिवळे पट्टे रंगवून घेत होता. त्या गडबडीत तिघांना "आज येऊ नका" सांगायचं तो विसरला. साडेपाचला साहेबांची गाडी फाटकात शिरली आणि ओमकारचं लक्ष सात नंबरकडे गेलं. तिघे पाय सोडून बसलेले. नियम असा की हेल्मेट आणि चमकत्या पट्ट्यांचं जाकीट असल्याशिवाय चौथऱ्यावर कुणी दिसता कामा नये. उठून पायऱ्यांपर्यंत पोचायला कोंडूच्या गुडघ्यांना पाच मिनिटं लागणार. साहेब दोन मिनिटांवर. ओमकारने धावत जाऊन तिघांना नारिंगी जाकिटं चढवली, डोक्यावर हेल्मेटं ठेवली आणि हात जोडले. "काही बोलू नका. फक्त बसा."

"त्येच तं करतोय," कोंडू म्हणाला.

साहेबांचं नाव भाविक. वय तिशीच्या आतबाहेर, बोलायला गोड. ते सगळे दरवाजे पाहत आले आणि सातपाशी थबकले. "अरे वा, इतके सिनियर लोक! चाचा, कितने साल से हो यहाँ?"

"साठ साल से!" कोंडू गरजला.

गोदाम उभं राहून सहा वर्षं झाली होती. भाविकसाहेबांना वाटलं, म्हातारा हमालीचा सगळा हिशोब सांगतोय. ते भारावले. "और कभी चोट, अॅक्सिडेंट?"

"एकबार बिच्छू काटा. भात झोडते टाइम को."

साहेबांनी ओमकारकडे पाहिलं. ओमकारने पिवळ्या पट्ट्याकडे पाहिलं. साहेबांनी कागदावर 'किरकोळ : एक' असं लिहिलं, आणि वहीत आणखी काहीतरी टिपून सोबतच्या माणसाला खूण केली. पाच मिनिटांत तिघांच्या हातांत एकेक गुलाबाचं फूल होतं आणि मध्ये बसलेल्या केसरीनाथांच्या मांडीवर एक पाटी : 'आदर्श ज्येष्ठ हमाल'. फोटो निघाला. कोंडू फोटोसाठी कवळी दाखवून हसला.

फोटो गोदामाच्या ग्रुपवर पडला. तिथून एका ड्रायव्हरने तो 'आपला गाव' नावाच्या ग्रुपवर ढकलला. पुढचं गावानेच पाहून घेतलं. पहिल्याने लिहिलं, "अभिनंदन काका." दुसऱ्याने विचारलं, "हे कवापासून?" तिसऱ्याने उत्तर दिलं, "बंगला बांधला ना मुलाने. हप्ते कोण भरणार?" चौथ्याने चार रडके चेहरे टाकले. तासाभरात गावाची खात्री पटली होती की कुमार म्हात्रेने बापाला त्याच्याच जुन्या शेतात हमालीला लावलंय, आणि घरात बसूही देत नाही. यातला शेवटचा भाग तसा खोटा नव्हता.

कुमारचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस पूर्ण्याला. त्याला पहिला फोन भावकीतून आला, दुसरा सासऱ्यांचा, तिसरा बहिणीचा. बहीण सुकन्या पडघ्याला दिलेली. ती फोनवर नुसतीच रडली आणि मग म्हणाली, "मी निघालेय." रुचिका ठाण्याहून तेव्हाच घरी पोचत होती. एकंदरीत सातच्या सुमाराला गोदामाच्या फाटकाशी एक रिक्षा, कुमारची गाडी आणि रुचिकाची स्कूटर एकदमच थांबल्या. आनंदीबाई कुमारच्या गाडीतून उतरल्या. पदर खोचलेला होता.

"बाबा!" सुकन्या पायऱ्या चढता चढताच हंबरडा फोडून म्हणाली. "काढा ते अंगातलं! चला माझ्या घरी. दोन घास मी घालीन तुमाला!"

"अगं, जेवन मिलतं मना," केसरीनाथ गोंधळून म्हणाले. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं.

"बाबा, घरात काय कमी हाय ते सांगा," कुमारचा आवाज चढला. "एसी हाय, टीव्ही हाय, वर झोपाळा हाय. लोक माझ्या तोंडात शेण घालतात! काय नाय आपल्या घरात?"

केसरीनाथांनी हेल्मेट काढलं. मांडीवर ठेवलं. "सगलं हाय रे," ते म्हणाले. "कोंडू न्हाय."

कोंडूने, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, हळू आवाजात "जाऊ दे रं" असं म्हटलं. मग घंटीची, भिंतीतल्या आवाजाची, कामाची सगळी हकीकत नरेंद्रांनी सांगितली. वार आणि वेळेसकट.

रुचिकाचा चेहरा उतरला. "ती मी होते," ती म्हणाली. "कोंडूकाका, मला खरंच कळलं नाही. मीटिंग चालू होती हो. तुम्ही उद्या या. फाटक उघडंच ठेवते."

"न्हाय पोरी. तुझ्यावर राग न्हाय. पन शपथ घेतली ती घेतली. कंपाउंडच्या आत न्हाय म्हंजे न्हाय."

कुमार कपाळाला हात लावून मटकन खाली बसला. बापाशेजारीच, पाय सोडून. सुकन्याही डोळे पुसत बसली, रुचिका बसली. आनंदीबाई त्यांच्यामागे उभ्याच राहिल्या. वारा छान सुटला होता. कुमारने इकडेतिकडे पाहिलं आणि काहीतरी आठवून म्हणाला, "बाबा, इथंच ना ओ आपलं खळं? मी भाताच्या उडवीवरून पडलो होतो..."

"हात मोडला व्हता तुझा," केसरीनाथ खुलले. "नरेंदरनी एसटी थांबवून तुला भिवंडीला नेला."

"सहा वाजून दहाची गाडी," नरेंद्र म्हणाले. "पॅसेंजर शिव्या देत होते."

तेवढ्यात ओमकार घामाघूम होऊन आला. साहेब अजून आत ऑफिसात होते आणि चौथऱ्यावर जाकिटाशिवाय चार माणसं वाढली होती. त्याने रडकुंडीला येऊन पाया पडल्यासारखं केलं. सगळ्यांनी मुकाट्याने जाकिटं घातली. सुकन्याच्या जरीच्या साडीवर, रुचिकाच्या ऑफिसच्या शर्टावर, आनंदीबाईंच्या खोचलेल्या पदरावर नारिंगी पट्टे चमकू लागले. रस्त्याने गावातला कुणी मोटरसायकलवाला जात होता. तो थांबला, मोबाइल काढला, आणि गेला. मिनिटभरात कुमारचा फोन वाजला. 'आपला गाव'वर नवा फोटो होता. खाली लिहिलं होतं : "आता सगळं घर लागलं कामाला."

त्या रात्री जेवताना कुमारने तोड काढली. शपथ कंपाउंडच्या आतची आहे ना? मग कंपाउंडच्या बाहेर ओटा बांधायचा. फाटकाला लागून, रस्त्याच्या बाजूला, आपल्याच हद्दीतली तीन फूट पट्टी मोकळी होती. मनालीला फोन झाला. ती दुसऱ्याच दिवशी आली, आधी गोदामावर जाऊन सात नंबरसमोर बराच वेळ नुसतीच बसली आणि मग टेप काढली. केसरीनाथांचं म्हणणं होतं की उंची गोदामाएवढीच ठेवा. आनंदीबाईंनी गवंड्याला परस्पर सांगितलं, "गुडघ्याएवढी कर. लवकर कर."

आठ दिवसांत ओटा तयार झाला. वर मंगलोरी कौलांचं छप्पर, पाठीला टेकायला कंपाउंडची भिंत, बसायला शहाबादी फरशी. केसरीनाथांनी पाणी मारताना तिच्यावरून तीनदा हात फिरवला. पहिल्या संध्याकाळी त्यांनी धुतलेला सदरा काढला. गुंड्या लावता लावता खिडकीतून त्यांनी कोंडूचं ओरडणं ऐकलं, मग नरेंद्रांचं खोकणं. पाच वाजून सात मिनिटं. ते घाईने बाहेर आले.

ओट्याच्या मधोमध आनंदीबाई बसल्या होत्या. मांडी घालून, पाठ भिंतीला टेकवून, ऐसपैस. एका अंगाला कोंडू, दुसऱ्या अंगाला नरेंद्र. पलीकडे शेजारच्या दोघी आणि टोकाला लॅपटॉप मांडीवर घेतलेली रुचिका. आनंदीबाई काहीतरी सांगत होत्या आणि कोंडू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. बोटभर जागा नव्हती.

"जरा सरका की," केसरीनाथ म्हणाले.

"कुटं सरकू?" आनंदीबाईंनी विचारलं. "अवो, चाळीस वर्सं या लोकांना मी दाराआडून चहा दिला. नुसता हात बाहेर. कोंडूभावजींचं त्वांड आज धड बघितलं. ओटीवर बसाला कसं वाटतं ते मना बघू द्या तरी."

जुन्या ओटीवर केसरीनाथांनी सगळं गाव बसलेलं पाहिलं होतं. ही कधीच दिसली नव्हती, आणि ते त्यांच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

"मंग मी काय करू?"

"चहा टाका. सहा कप. कोंडूभावजींना साखर जास्त." त्या पुन्हा कोंडूकडे वळल्या. "तं काय सांगत व्हते मी..."

चहाला पाऊण तास लागला. साखरेचा डबा कुठल्या खणात आहे हे विचारायला बाहेर जाणं त्यांना बरं दिसेना, म्हणून त्यांनी एकेक खण उघडून पाहिला. दूध एकदा उतू गेलं. पूर्वेच्या खिडकीतून बाहेरचं हसणं ऐकू येत होतं, पण कशावर ते कळत नव्हतं. शेवटी ट्रेमध्ये सहा कप ठेवून, सांडू नये म्हणून श्वास धरून ते फाटकापर्यंत आले.

गप्पा ऐन रंगात होत्या. मध्येच जाऊन त्या तोडाव्यात असं त्यांना वाटेना. ते फाटकाच्या आड थोडे थांबले, मग ट्रे तेवढा बाहेर सरकवून हळूच म्हणाले, "चहा."